चाक की पट्टा? आधी रस्ता पाहा

फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची भेट झाली. त्यानंतर प्रसृत झालेल्या संयुक्त निवेदनात ‘जॅव्हलिन’ या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रासोबत ‘स्ट्रायकर’ या आठ चाकी चिलखती वाहनाचा नावानिशी उल्लेख होता. या दोन्हींची खरेदी आणि भारतात सहउत्पादन यांसाठी त्याच वर्षी पावले टाकली जातील, असे दोन्ही देशांनी म्हटले. नेमके त्याच आठवड्यात बेंगळुरूच्या येलहंका तळावर ‘एरो इंडिया’ भरले होते. अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सु-५७ ही दोन्ही विमाने एकाच वेळी हजर असल्याने साऱ्या शहराच्या माना आकाशाकडे वळल्या होत्या. स्ट्रायकरच्या भारतीय भागीदारीसाठी ज्या सार्वजनिक कंपनीचे नाव वृत्तपत्रांतून येत होते त्या बीईएमएलचे मुख्यालय याच शहरात असूनही वाहनाची चर्चा मला येथे फारशी ऐकू आली नाही. बेंगळुरूत संरक्षण म्हणजे विमान, असे समीकरणच रूढ झाले आहे. जमिनीवरून लढणाऱ्या सैनिकाच्या वाट्याला या शहराचे, आणि खरे तर देशाचेही, लक्ष कमीच येते.

वास्तविक प्रश्न लहान नाही. आपल्या यांत्रिकी पायदळाचा कणा आजही बीएमपी-२ हे सोव्हिएत बनावटीच्या आराखड्याचे वाहन आहे. तेलंगणातील मेडक येथे १९८७ पासून ते ‘सारथ’ या नावाने तयार होत आले. आत तीन जणांचा चालकवर्ग आणि सात सैनिक बसतात. त्याच्या जागी काय आणायचे याचा निर्णय जो होईल, तो पुढील तीस-चाळीस वर्षे लष्कराला पुरणार आहे. पूर्व लडाखमध्ये किंवा राजस्थानात हे सैनिक किती लवकर पोहोचतील, पोहोचल्यावर किती अंतर चालून जातील आणि किती सुरक्षित राहतील हे त्यावर ठरेल. त्या निर्णयातील एक मूलभूत पेच असा की वाहन चाकांवर असावे, की रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांवर, म्हणजे लष्कराच्या रोजच्या भाषेत ‘ट्रॅक’वर?

भौतिकशास्त्र साधे आहे. पट्टा हा वाहनाने स्वतःबरोबर वाहून नेलेला रस्ताच असतो. वाहन तो पुढे अंथरते, त्यावरून जाते आणि मागून गोळा करते. त्यामुळे वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले जाते. सुमारे १४ टनांच्या बीएमपी-२ खाली जमिनीवर येणारा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन तृतीयांश किलोपेक्षाही कमी असतो. उभ्या माणसाच्या पावलाखालचा दाबही जवळपास एवढाच. आठ चाकी वाहनाचे वजन मात्र आठ लहान ठिपक्यांवर येते. चाकातील हवा कमी करून ते ठिपके वाढवता येतात, पण पट्ट्याची बरोबरी होत नाही. भिजलेले शेत, भुसभुशीत वाळू, ताजे बर्फ, कच्छच्या रणातील खारा चिखल येथे हा फरक निर्णायक ठरतो. पट्ट्याचे वाहन जागच्या जागी वळू शकते आणि वळणाऱ्या चाकांसाठी जागा सोडावी लागत नसल्याने तेवढ्याच लांबीरुंदीत त्याच्या पोटात अधिक जागा मिळते.

या सुखाची किंमत मोठी असते. पट्ट्याचे दुवे आणि रबरी गाद्या झिजतात, इंधन अधिक लागते, आवाज दुरून ऐकू येतो, डांबरी रस्ता उखडतो. म्हणून लांबच्या प्रवासाला अशी वाहने रेल्वेवर, मोठ्या ट्रेलरवर किंवा विमानात घालून न्यावी लागतात. चाकांचे वाहन स्वतःच्या पायांनी निघते. जून १९९९ मध्ये कोसोव्होत नाटोच्या फौजा शिरण्याच्या बेतात असताना बोस्नियातील सुमारे दोनशे रशियन सैनिक चाकांच्या चिलखती गाड्या घेऊन रस्त्याने निघाले आणि नाटोच्या आधी प्रिश्टिनाच्या विमानतळावर जाऊन बसले. त्याच मोहिमेत अमेरिकेचे जड दल अल्बानियात पोहोचवताना झालेल्या दमछाकीने त्यांचे तत्कालीन लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी अस्वस्थ झाले. ब्रिगेड ९६ तासांत जगात कोठेही उतरली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि स्ट्रायकरचा जन्म त्या आग्रहातून झाला. स्ट्रायकर हे अशा रीतीने वेळेचे वाहन आहे. बिकट जमिनीसाठी ते घडवले गेलेले नाही. भारताला ते दाखवले जाते तेव्हा हा उगम विसरला जातो, अशी माझी तक्रार आहे.

चाक आणि पट्टा यांच्या वादात रस्ता बांधणाऱ्याचे नाव क्वचित निघते. बेंगळुरूच्या हलसूरु तलावालगत मद्रास इंजिनिअर ग्रुपचे, म्हणजेच मद्रास सॅपर्सचे, केंद्र आहे. १९४८ मधील झोजिलाची लढाई रणगाड्यांची लढाई म्हणून आपल्याकडे सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण ती तितकीच या सॅपर्सची लढाई होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये झोजिला खिंड पायदळाच्या हल्ल्याने घेण्याचे प्रयत्न फसले. लडाखचा रस्ता बंद, लेहमधील तुकडी एकाकी आणि हिवाळा तोंडावर, अशी स्थिती होती. जनरल थिमय्या यांनी खिंडीत रणगाडे नेण्याचा विचार मांडला. सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे जम्मूकडून श्रीनगरमार्गे गुप्तपणे वर आणायचे होते. वाटेतील पुलांना भार पेलावा आणि कोणाला सुगावा लागू नये म्हणून त्यांचे बुरूज उतरवून वेगळे नेण्यात आले. परंतु बालटालच्या पुढे होती ती खेचरांची पायवाट. मेजर थंगराजू यांच्या नेतृत्वाखाली मद्रास सॅपर्सच्या जवानांनी गोळीबाराच्या छायेत खडक फोडून ती वाट रणगाड्यांच्या रुंदीची केली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांचे रणगाडे साडेतीन हजार मीटरच्या उंचीवर खिंडीत घुसले. तेथे रणगाडा येईल अशी कल्पनाही समोरच्यांनी केली नव्हती.

या प्रसंगातून पट्ट्याची बाजू घेणारे म्हणतात, पाहा, चाकांचे काम नव्हते ते. खरे आहे. पण पट्ट्यालाही आधी रस्ता लागला, पूल लागले, आणि रणगाडा १४ टनांच्या आतबाहेर होता म्हणूनच ते शक्य झाले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चुशूलला एएमएक्स-१३ रणगाडे विमानाने उतरवले गेले तेव्हाही कारण तेच होते: ते पंधरा टनांच्या आसपासचे होते आणि विमानाच्या पोटात मावत होते. हिमालयात वाहनाचे वजन पूल आणि विमान ठरवतात. चाक की पट्टा हा प्रश्न त्यानंतर येतो.

हाच क्रम २०२० मध्ये पुन्हा दिसला. गलवानमधील चकमकीनंतर हवाई दलाने सुमारे ९० रणगाडे आणि जवळपास ३३० बीएमपी वाहने पूर्व लडाखच्या दिशेने हवाई मार्गाने नेल्याचे ऑगस्ट २०२३ मध्ये सूत्रांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले. आकडा अभिमानास्पद आहे, यात वाद नाही. तरी त्याच आकड्याकडे खर्चाच्या नजरेनेही पाहायला हवे. लष्कराच्या सेवेतील सर्वांत महागड्या वाहतूक विमानांच्या फेऱ्या अशा वाहनांसाठी खर्ची पडल्या जी मैदानात रस्त्याने शेकडो किलोमीटर धावण्याच्या उपयोगाची नाहीत. दुसरीकडे, त्यानंतरच्या काळात रस्ता बदलला. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला, सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये, आणि झोजिलाच्या खालून जाणाऱ्या बोगद्याचे काम सुरू आहे. दरबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी हा सुमारे २५५ किलोमीटरचा रस्ता आणि त्यावरील, ऑक्टोबर २०१९ मध्ये खुला झालेला कर्नल चेवांग रिन्चेन पूल जड वाहने पेलतो. ज्या लडाखमध्ये १९४८ साली पायवाट होती तेथे आता चाकांना धावता येईल असा सलग रस्ता तयार होत आहे. आपल्या वाहनांच्या मागणीपत्रात हा बदल पुरेसा उतरलेला मला तरी दिसत नाही.

याचा अर्थ पूर्व लडाखमध्ये पट्टा नको, असा मुळीच नव्हे. रस्ता संपतो तेथून पुढे रेचिन ला, रेझांग ला यांसारख्या खिंडी सुरू होतात, आणि ऑगस्ट २०२० मध्ये तेथे रणगाडे चढले हे चीनने अनपेक्षितपणे अनुभवले. चीनचा टाइप-१५ हा साधारण ३३ टनांचा हलका रणगाडा पट्ट्यावरच चालतो. आपला ‘झोरावर’ही तसाच. लार्सन अँड टुब्रो आणि डीआरडीओ यांनी बनवलेला २५ टनांचा हा रणगाडा जुलै २०२४ मध्ये हझिऱ्यात प्रथम दाखवला गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर त्याने गोळाफेक केली. साडेचार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४० टक्के विरळ असते. इंजिन धापा टाकते, तेल घट्ट होते, उणे तीस अंशांत रबर ताठरते. तिथे तोफ घेऊन उतार चढायचा असेल तर पट्ट्याला पर्याय नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण पट्टा म्हणजे कोठेही जाण्याचा परवाना, हा समजही तितकाच घातक आहे. जून २०२४ मध्ये सासेर ब्रांग्साजवळ सरावादरम्यान श्योक नदीला अचानक पाणी वाढले आणि टी-७२ रणगाड्यातील पाच सैनिकांना प्राण गमवावे लागले.

मग चाकांचे स्थान कोणते? माझ्या मते आघाडीच्या शिखरापासून मागे, लेह ते श्योक खोरे, न्योमा, चुशूलकडे जाणारे रस्ते, तेथे पायदळ वेगाने हलवणाऱ्या राखीव तुकड्यांत. त्याचप्रमाणे पंजाबात, जिथे महामार्गांचे जाळे दाट आहे आणि तुकडी एका कालव्यावरून दुसऱ्याकडे रात्रीत न्यावी लागू शकते. चीनने हा विचार आधीच केला आहे. २०१७ च्या पुनर्रचनेनंतर त्याच्या ब्रिगेड जड, मध्यम आणि हलक्या अशा विभागल्या गेल्या. जड ब्रिगेड पट्ट्यांवर, मध्यम ब्रिगेड प्रामुख्याने आठ चाकी वाहनांवर. आपणही एकेकाळी दोन्ही बाळगत होतो. बीएमपी येण्यापूर्वी पट्ट्यांवरील ‘टोपाज’ आणि आठ चाकी ‘स्कॉट’ ही पूर्व युरोपीय वाहने आपल्या पायदळाने शेजारी शेजारी वापरली. पुढे बीएमपीच्या लाटेत चाकांचा धडा मिटला आणि तो कोणी मिटवला, का मिटवला, यावर सार्वजनिक चर्चाही झाली नाही.

आता खरेदीच्या कथेकडे वळतो, जी मला या विषयातील सर्वांत खेदजनक बाजू वाटते. बीएमपी-२ ला पर्याय म्हणून ‘भविष्यकालीन पायदळ लढाऊ वाहना’चा प्रस्ताव २०१० मध्ये चार उत्पादकांपुढे ठेवला गेला. तो बारगळला. २०१६ मध्ये पुन्हा निमंत्रणे गेली. जून २०२१ मध्ये १,७५० वाहनांसाठी नव्याने माहिती मागवण्यात आली. दरम्यान जून २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने आयुध निर्माणी मंडळाकडे १,०९४ कोटी रुपयांची १५६ बीएमपी-२ वाहनेच नोंदवली. २८५ अश्वशक्तीचे इंजिन, कमी वजन, चढ चढण्याची क्षमता असे गुण सांगत शासनाने त्याची प्रसिद्धी केली. गुण खरे आहेत; परंतु चाळीस वर्षांपूर्वीचे. युक्रेनमध्ये ड्रोनच्या माऱ्यापुढे बीएमपी जातीच्या वाहनांची जी दैना झाली ती पाहिल्यावर, पातळ छताखाली बसलेल्या सात जणांना आपण आणखी किती वर्षे पाठवणार हा प्रश्न विचारावाच लागतो.

अशा वेळी स्ट्रायकर तयार आहे, जोडीला जॅव्हलिन आहे, शिवाय बेंगळुरूच्या कंपनीला काम मिळेल, हा युक्तिवाद आकर्षक वाटतो. बीईएमएल ही १९६४ मध्ये स्थापन झालेली कंपनी. लष्कराला टाट्रा ट्रक पुरवते, मेट्रोचे डबे बांधते, ‘वंदे भारत’ची शयनयान गाडीही तिनेच घडवली. तिच्या कौशल्याविषयी मला शंका नाही. शंका वाहनाविषयी आहे. स्ट्रायकर पाण्यात तरंगत नाही. बीएमपी-२ तरंगते, आणि पंजाबातील कालवे व पूर्वेकडील नद्या यांचा विचार केला तर हा गुण सोडून देण्याजोगा नाही. सुरुवातीला १७ टनांच्या आसपास असलेले स्ट्रायकर सुरुंगांपासून बचावासाठी तळ बदलताच २० टनांच्या पुढे गेले. विमानात मावण्याचा जो मूळ हिशेब होता तो त्याबरोबर बिघडला. आता ड्रोनविरोधी जाळ्या, अधिकचे चिलखत हे सारे वर चढणार आहे आणि चाकांच्या वाहनात जास्तीचे वजन पेलण्याची मुभा पट्ट्याच्या वाहनापेक्षा कमी असते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडे स्वतःचे आठ चाकी वाहन आहे. अहिल्यानगर येथील व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने टाटा समूहासोबत ‘व्हॅप’ हे वाहन विकसित केले. ते २०१४ च्या संरक्षण प्रदर्शनात मांडले गेले. ते पाण्यातून जाऊ शकते. एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत त्याच घराण्यातील पायदळ वाहने लष्कराच्या हवाली झाली, तीही मोजकीच. सप्टेंबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी मोरोक्कोतील बेरेशिद येथे याच वाहनाच्या कारखान्याचे उद्घाटन केले. यांत्रिकी पायदळाचे, चिलखती दलाचे आणि व्हीआरडीईचे ठाणे ज्या एका जिल्ह्यात आहे तेथे जन्मलेले वाहन आफ्रिकेत मोठ्या संख्येने बनणार आणि आपल्या तुकड्यांकडे चार-दोन असणार, यातील विसंगती महाराष्ट्रातील वाचकाला वेगळी सांगायला नको. व्हॅप परिपूर्ण आहे असे मी म्हणत नाही. पण उणिवा वापरातून कळतात आणि वापर मागणीतून येतो.

अमेरिकेच्याच अलीकडच्या एका फसलेल्या प्रयोगाची येथे आठवण ठेवावी. हलक्या दलांना साथ देण्यासाठी बनवलेला एम-१० बुकर हा पट्ट्यांवरील रणगाडा वाढत वाढत ४० टनांच्या घरात गेला. तो ज्या फोर्ट कॅम्पबेल तळावर नेमायचा होता तेथील ११ पुलांपैकी ८ पूल त्याला पेलणार नव्हते, हे उशिरा लक्षात आले. २०२५ च्या मध्यावर कार्यक्रम गुंडाळला गेला. पूल मोजण्याचे काम कारखाना सुरू होण्यापूर्वीचे असते. हलसूरुच्या सॅपर्सना हे कोणी शिकवावे लागणार नाही.

चाकांच्या बाजूने बोलताना त्यांचा एक दोष झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चाक रस्त्याला बांधलेले असते आणि शत्रूला रस्ता ठाऊक असतो. २०२२ च्या वसंतात कीव्हच्या उत्तरेला रशियाचा प्रचंड ताफा रस्त्यावर अडकून पडला, कारण दोन्ही बाजूंची शेते वितळलेल्या बर्फाने दलदल झाली होती. तिथे पट्ट्यांची वाहनेही रस्ता सोडेनात. आपल्याला त्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात पुरलेल्या स्फोटकांनी शीघ्र कृती दलाचे १५ जवान गेले. ते साध्या खासगी वाहनातून जात होते. त्यांना चिलखती गाडी का नव्हती, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. पण छत्तीसगडमधील सुरक्षा दलांचा त्याआधीचा अनुभव असा की २००५ मध्ये बिजापूर भागात सुरुंगरोधक वाहनच उडवले गेले. स्फोटके पुरेशी पेरली की कोणतेही चाक उरत नाही, आणि म्हणूनच जंगलात रस्ता टाळून पायी जाण्याची पद्धत रुजली. लष्कराच्या चाकी तुकड्यांनाही हाच धोका उद्या ड्रोनच्या रूपाने रस्त्यावर भेटणार आहे. त्यामुळे चाकांची वाहने घेताना रस्त्याची टेहळणी, सुरुंगशोधन, सॅपर्सच्या कंपन्या, ड्रोन पाडण्याची साधने ही त्याच प्रस्तावात असायला हवीत. वाहनांची किंमत तेवढी मंजूर करायची आणि बाकीचे पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलायचे ही आपली जुनी खोड आहे.

संरक्षण मंत्रालयाकडून अपेक्षा तीनच आहेत. १,७५० पैकी किती वाहने चाकांवर आणि किती पट्ट्यांवर, आणि ती कोणत्या भूभागासाठी, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे स्पष्ट मांडावे. स्ट्रायकर आणि व्हॅप यांची चाचणी एकाच मैदानावर, एकाच निकषांवर घ्यावी, आणि भेटीगाठींच्या वेळापत्रकाशी तिचा संबंध ठेवू नये. आणि ही चाचणी ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात न घेता जानेवारीत, न्योमाच्या उंचीवर, बर्फाने झाकलेल्या रस्त्यावर आणि तो रस्ता सोडून दोन किलोमीटर आत, अशी दोन्ही ठिकाणी घ्यावी.